घरातलं आजारपण काढताय? मग स्वतःच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. मिरजेच्या दवाखान्यात १७ दिवस काढून आम्ही त्यांना सांगलीला, गावभागातल्या घरी आणलं. डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहून दिलं होतं. गोळ्यांच्या वेळा, पातळ जेवण, दर दोन तासांनी कूस बदलणं. तो कागद मी देवघराशेजारी चिकटवला आणि पुढची चार वर्षं माझ्या हातून त्यातली एक ओळ चुकली नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी मोरीपाशी वाकले ती सरळच होईना. कंबर धरली होती. तेव्हा लक्षात आलं की त्या कागदावर माझ्यासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि मीही ते कुणाला विचारलं नव्हतं.

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की येणारा-जाणारा त्यांची चौकशी करतो. ते बरोबरच आहे. पण उठबस करणाऱ्या माणसाची चौकशी सहसा कुणी करत नाही, आणि हळूहळू ते माणूसही स्वतःची चौकशी करायचं सोडून देतं. तुमच्या घरी असं आजारपण चालू असेल, तर माझ्या हातून झालेल्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

‘सगळं आवरलं की मग’

माझी पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच. आत्तींचं आवरलं की आंघोळ करू, स्वयंपाक झाला की पाठ टेकू, मुलांचा अभ्यास झाला की बीपी बघू. आजारपणाच्या घरात सगळं कधी आवरतच नाही. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. आजारी माणसाची सेवा त्यावर आणखी वेगळी. एवढ्यातून वेळ उरेल या आशेवर बसलात तर तो उरणार नाही.

मला उपयोग झाला तो घड्याळाचा. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा मी घरात नाही, एवढं ठरवलं आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितलं. आमराईत दोन फेऱ्या मारायच्या, नाहीतर कृष्णेच्या घाटावर नुसतं बसायचं. पहिल्या आठवड्यात चार दिवस ते मोडलं, कारण नेमके त्याच वेळी पाहुणे यायचे. चहा टाकायला मी थांबायचे आणि ती वेळ निघून जायची. मग थोरल्या मुलाला चहा करायला शिकवलं. पाहुण्यांनाही सांगायला लागले, ‘या बसा, आत्तींशी बोला, मी सव्वासहाला येते.’ सुरुवातीला जीभ जड व्हायची. एका चुलतसासूबाई रागावल्याही. पण महिनाभरात लोकांना वेळ कळली आणि काही जण मुद्दाम साडेपाचला येऊन आत्तींजवळ बसू लागले.

तुमची वेळ वेगळी असेल, १५ मिनिटांचीही असेल. ती कुणाच्या जबाबदारीवर सोडून जाताय हे मात्र नाव घेऊन ठरवा. ‘कुणीतरी बघेल’ म्हणून निघालात तर अर्ध्या वाटेतून परत याल.

अंगाच्या जोरावर उचलणं

या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याची किंमत मी अजून मोजते आहे. आत्तींना कुशीवर वळवायला मी त्यांच्या पाठीमागून ढकलायचे. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचे. बसवताना त्या उजवा हात माझ्या गळ्यात टाकायच्या आणि सगळा भार माझ्या मानेवर यायचा. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. पॅरालिसिसचा हात असा ओढला तर खांदा निखळायची भीती असते, म्हणजे त्यात त्यांचंही नुकसान होतं.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका दुपारी समोर उभं राहून शिकवलं ते असं. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. त्यांचा पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, पलीकडचा गुडघा दुमडायचा. मग पलीकडच्या खांद्यावर आणि कमरेवर हात ठेवून आपल्याकडे घ्यायचं. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, पोट कॉटला लागून, आणि कंबरेतून पिळायचं नाही. माणूस इतक्या सहज वळतो की मी त्या दिवशी रडले. पाच महिने उगाच ताकद घातली होती.

वर सरकवायला आडवी चादर वापरा. चादर चौपदरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालून ठेवायची. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, कडा गुंडाळून घट्ट धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं. हे एकट्याचं काम नाही. दुसरं माणूस येईपर्यंत थांबा, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

कॉट बुटकी असेल तर दिवसातून वीस वेळा वाकावं लागतं. दवाखान्यातली हँडलची कॉट भाड्याने मिळते, मिरजेत तर सहज. ती आपल्या कमरेच्या उंचीची असते. आम्ही ती आठ महिन्यांनी आणली, पहिल्याच दिवशी आणायला हवी होती. एअर बेड, म्हणजे पाठीला व्रण पडू नयेत म्हणून वापरतात ती हवेची गादी, घेतला तर रात्रीची कूस किती तासांनी बदलायची हे डॉक्टरांना नव्याने विचारा. माणसाची कातडी आणि तब्येत बघून ते वेळ वाढवून देऊ शकतात, आणि तेवढीच झोप तुमच्या पदरात पडते.

कंबर दुखते आहे आणि पाय बधिर होतोय, पायातली ताकद कमी वाटते, किंवा लघवीवर ताबा राहत नाही, असं काही झालं तर बाम चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चहावर दिवस ढकलणं आणि दुखणं अंगावर काढणं

आत्तींना आठला पेज, अकराला ताक, एकला मऊ भात. मी मात्र चहावर असायचे. त्यांना भरवून, मुलांचे डबे धुऊन, तीन वाजता उभ्याउभ्या गार भाकरी. जिना चढताना धाप लागायची ती दगदगीमुळे असं मी धरून चालले होते. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय आहे. म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी जणी धाप लागली की दगदगीवर खापर फोडून मोकळ्या होत असतील.

लोहाच्या गोळ्या दिल्या, तर दोन महिन्यांनी आकडा जेमतेम हललेला. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी नाश्त्यानंतर चहाबरोबर घेत होते. चहा लोह अंगी लागू देत नाही. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. गोळी आणि चहा यांच्यात निदान एक तास ठेवा, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. पोटात मळमळलं तर मनाने बंद करू नका. डॉक्टर गोळी बदलून देतात, एक दिवसाआडही देतात. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची, तसंच तोंडाच्या आणि बायकांच्या स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आत्तींची औषधं आणायला मी महिन्यातून दोनदा बाहेर पडायचे. त्यातल्या एका फेरीत माझी बीपी तपासून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. ती मी दोन वर्षं काढली नाहीत.

माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. गावभागात पाणी शिरायच्या आदल्या रात्री आम्ही टेम्पोत गादी टाकून आत्तींना मिरजेला वन्संकडे नेलं. तिथे दुसऱ्या दिवशी मला १०३ ताप. मी ग्लानीत, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं की रक्त पातळ करणारी गोळी कुठली, ती सकाळची की रात्रीची, घास कुठल्या गालात ठेवायचा म्हणजे ठसका लागत नाही. हे घाबरून दर तासाला मला उठवायचे. आत्तींना एक दिवस चुकीचा डोस गेला. नशिबाने काही झालं नाही.

तोवर मला वाटायचं की सगळं माझ्या डोक्यात आहे म्हणजे मी चोख आहे. खरं तर त्यामुळे आत्तींचाच जीव टांगणीला लागला होता.

पूर ओसरून चिखल काढून झाल्यावर मी दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर गोळ्या: नाव, रंग, वेळ, कशासाठी. दुसऱ्यावर भरवायची पद्धत. तिसऱ्यावर डॉक्टर, रुग्णवाहिका, औषधवाले यांचे नंबर. मग यांना आणि मुलाला एकेक काम माझ्यासमोर करायला लावलं. त्यांच्या हातून डायपर वाकडा लागायचा, चादरीला सुरकुत्या राहायच्या. माझे हात शिवशिवायचे. इथेच खरी परीक्षा असते. मध्ये पडून तुम्ही ते स्वतः नीट केलंत की पुढच्या वेळी समोरचा उठत नाही. पाठीला व्रण पडेल अशी सुरकुती दिसली तर सांगा, बाकी चालू द्या.

रात्रही वाटून घेतली. दोनपर्यंत हे, दोननंतर मी. एकेका तासाच्या चार झोपांपेक्षा साडेचार तासांची एक सलग झोप कितीतरी बरी. मोठ्या माणसाला सात तास झोप हवी हे मलाही माहीत आहे. त्या घरात तेवढी मिळणं अवघड होतं, म्हणून दुपारी पाऊण तास वन्सं नाहीतर कामाच्या मावशी आत्तींजवळ थांबायच्या आणि मी मागच्या खोलीत दार लावून पडायचे. दार लावणं महत्त्वाचं, नाहीतर कान उघडेच राहतात.

‘काही लागलं तर सांग’ला ‘नको नको’ म्हणणं

लोक मनापासून म्हणतात, फक्त काय करायचं ते त्यांना माहीत नसतं. मी चार वर्षांतली दोन वर्षं ‘नाही हो, सगळं ठीक आहे’ म्हणत काढली. मग सांगायला लागले. शेजारच्या काकूंना: गुरुवारी तुमच्या चार भाकऱ्या जास्त टाका. दिरांना: दर महिन्याच्या पाच तारखेला औषधांचं बिल तुमच्याकडे. वन्संना: दुसऱ्या शनिवारी येऊन रविवार संध्याकाळपर्यंत राहा, मी माहेरी तासगावला जाते. काम, वार आणि वेळ सांगितली की नाही म्हणणारी माणसं फार थोडी निघाली. दिरांनी आधी कुरकुर केली, पण बिल भरलं.

चिडलं की स्वतःला पापी समजणं

एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली तेव्हा मी आत्तींवर ओरडले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ती रात्र मला आजही आठवते. त्यानंतर प्रायश्चित्त म्हणून मी आठवडाभर फिरायला गेले नाही, आणि त्या आठवड्यात आणखी दोनदा ओरडले.

चिडचिड वाढली की झोप मोजा, जेवण मोजा, शेवटचं घराबाहेर कधी पडलात ते आठवा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. हात उगारावासा वाटला तर माणूस सुरक्षित आहे ना ते बघून खोलीबाहेर जा, पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, रोज रडू येत असेल, ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं मनात येत असेल, तर टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदत सेवेच्या १४४१६ या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. मी तिथे पहिल्यांदा बोलले ते रात्री दीडला, जिन्यात बसून. ज्येष्ठांच्या सोयी, योजना, मदत यांसाठी १४५६७ हा वेगळा नंबर आहे, तो दिवसा चालतो.

एकदम मोठा बेत आखणं

पहाटे पाचला उठून योगासनं, दोन लिटर पाणी, रोज डायरी, असं सगळं मी एका सोमवारी सुरू केलं आणि गुरुवारी बंद पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवस लागले. मधला आकडा ६६. त्यात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. आजारपणाच्या घरात दिवस चुकणारच. एकच गोष्ट धरा, ती रोजच्या एखाद्या कामाला जोडा. माझी होती ती आत्तींना दुपारचं भरवून झालं की त्यांच्याच शेजारी ताट घेऊन बसून जेवणं. गरम, बसून. त्यांनाही ते आवडायचं. उजव्या हाताने माझं ताट दाखवून त्या ‘भाजी?’ असं विचारायच्या, आणि मी कुठली ते सांगायचे.

माणूस गेलं की आपलंही संपलं असं धरणं

२०२२ च्या दिवाळीनंतर आत्ती गेल्या. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. कॉट परत गेली आणि त्या जागेची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसायला लागली. लोक म्हणाले, सुटल्या त्या, आणि तूही मोकळी झालीस. मला मात्र रोज रात्री दोनला जाग यायची, कूस बदलायच्या वेळेला. दिवसा हाताला काम नसायचं आणि जीव थाऱ्यावर नसायचा.

या दिवसांत बायका आपली काळजी पुन्हा पुढे ढकलतात, सुतकाच्या, वर्षश्राद्धाच्या नावाखाली. तसं करू नका. महिनाभरात एकदा रक्त, बीपी, साखर आणि कंबर दाखवून या. साडेपाचची वेळ बंद करू नका. माझी मी तशीच ठेवली. पहिले काही दिवस आमराईच्या फाटकापाशी गेले की घरी कोण थांबलंय ते आठवायला लागायचे. मग पाऊल आत टाकायचे. दोनची जाग सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला.