उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवू नका: पेरणीआधीचा जिवाणू सल्ला

दुपारी दोनला थर्मामीटर उघड्या जमिनीत 5 सेंमी खोल खुपसा, पाच मिनिटांनी वाचा. मग तोच काडाच्या थराखाली लावा. उष्ण कटिबंधात ऐन उन्हाळ्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग 50 अंश सेल्सिअसच्या वर जातो, झाकलेली माती त्यापेक्षा बरीच थंड राहते. थर्मामीटर नसेल तर अनवाणी उभे राहा. जिथे तळपाय टिकत नाही, तिथे रायझोबियमही, म्हणजे शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र बांधणारा जिवाणूही, टिकत नाही, असा आमचा ठोकताळा आहे.

रायझोबियमला 28 ते 30 अंश मानवतात. 40 च्या पुढे त्याचे बहुतेक प्रकार ढेपाळतात. बॅसिलससारखे जिवाणू बीजाणू (कठीण कवचातले सुप्त रूप) करून तग धरतात, त्यामुळे माती पूर्ण मरत नाही. पण नत्र बांधणारे कमी होतात आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ता पीक पिवळे पडल्यावर लागतो.

पनामातील बारो कोलोराडो बेटावरच्या जंगलात माती 4 अंशांनी तापवून दोन वर्षे मोजणी केली. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड 55 टक्क्यांनी वाढला. पुढच्या तपासणीत जिवाणूंची विविधताही घटलेली दिसली. तिथे निदान डोक्यावर झाडांची सावली होती. काड जाळून मोकळ्या केलेल्या रानाला तीही नसते. हवामान दरवर्षी तापत असताना जमीन उघडी टाकणे म्हणजे सेंद्रिय कर्ब हाताने उडवून लावणे.

म्हणून काड, पाचट, धसकटे जाळू नका. हेक्टरी सुमारे 5 टन, 5 ते 7 सेंमी जाड पसरा. फळझाडांच्या खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर खोड कुजते. पेरणीच्या तोंडावर काड मातीत गाडू नका. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण 80 ला 1 असते. ते कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात आणि रोपे उपाशी राहतात. काड वरच राहू द्या. किडीचे कोष उघडे पाडून मारण्यासाठी नांगरट करायचीच असेल तर करा, पण दरवर्षी सगळ्या रानात नको.

पहिल्या पावसाने कोरडी माती भिजली की मेलेल्या जिवाणूंवर उरलेले तुटून पडतात आणि नत्र एकदम मोकळे होते. त्या वेळी रानात पीक नसेल तर ते वाहून जाते. पुरेशी ओल झाली की वाफशावर पेरणी उरका. तापलेल्या ओल्या जमिनीवर युरिया फेकू नका, अमोनिया होऊन उडतो. 5 सेंमी मातीआड द्या.

जिवाणू संवर्धक (बियाण्याला चोळायचे जिवाणू खत) लावताना:

- 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम, पिकाच्या गटाचेच. सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाही.
- आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी संवर्धक.
- 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. त्यातले बियाणे ओले होण्यापुरतेच वापरा.
- सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.
- पाकीट वापरेपर्यंत थंड, सावलीच्या जागी.

पत्र्याखाली तापलेल्या गोदामातून आलेले पाकीट मुदतीत असले तरी घेऊ नका. आणि ‘माती जिवंत करणारी’ महागडी बाटली विक्रेता पुढे करील तेव्हा एकच विचारा, यात कोणता जिवाणू आहे आणि मिलिलिटरला किती? उत्तर मिळाले तरी ती उघड्या, भाजलेल्या जमिनीत ओतू नका. घरचे जिवाणू जिथे तगले नाहीत तिथे विकतचे कुठून तगणार?

पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी चार-पाच रोपे माती न झटकता खुरप्याने उचला, मुळे पाण्यात धुवा. मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर असेल तर नत्र बांधले जाते आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली आणि पानेही पिवळी असतील तर या हंगामापुरते नत्र खतातून द्यावे लागेल. ओळींमधली जमीन मात्र त्याच आठवड्यात झाका.