बाटलीवर झाकण ठेवणारी पन्हाळी: गावातल्या गावात कशी बांधावी

वरुड-मोर्शीकडचं संत्र्याचं सरबत असो, घाण्यावरचं जवसाचं तेल असो की पिकावर फवारायचा दशपर्णी अर्क, बाटल्या भरून पटापट होतात आणि काम अडतं ते झाकणापाशी. झाकण उचला, सुलटं करा, बाटलीवर ठेवा, आटे जुळवा, पिळा. काही तास हेच केलं की मनगट भरून येतं आणि मग झाकणं सैल तरी राहतात, नाही तर तिरपी बसतात. शिवाय प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला बोटं लागतात. खाण्याच्या वस्तूत हे टाळायलाच हवं.

यावर मोटार, वीज किंवा महागडं मशीन लागत नाही. झाकण ठेवणं आणि झाकण पिळणं ही दोन कामं वेगळी केली की निम्मा त्रास संपतो. ठेवण्याचं काम एक उतरती पन्हाळी करते. झाकणं तोंड खाली करून तिच्यातून घसरत येतात. शेवटचं झाकण टोकाशी तिरपं अडकून राहतं, त्याची पुढची कड खाली आणि मागची वर. बाटली खालून पुढे सरकली की तिच्या तोंडाची पुढची कड झाकणात शिरते, आतून त्याला ओढते आणि झाकण बाहेर येऊन बाटलीवर बसतं. लोडशेडिंग असलं तरी काम थांबत नाही.

आधी मोजमाप

पत्रा कापायच्या आधी झाकण आणि बाटली हातात घेऊन मोजा. बाजारात '२८ मिमी' म्हणून मिळणाऱ्या झाकणाचा बाहेरचा व्यास साधारण ३० मिमी भरतो. पण यात बाटलीच्या मानेच्या दोन जाती आहेत, त्या क्रमांकाने ओळखतात: जुनी उंच मानेची १८१० आणि नवी आखूड मानेची १८८१. दोन्हींच्या आट्यांतलं अंतर वेगळं आहे, त्यामुळे एकीचं झाकण दुसरीवर नीट बसत नाही. बाटल्या एका दुकानातून आणि झाकणं दुसऱ्या दुकानातून घेतली की हा घोळ हमखास होतो. पोतंभर झाकणं घेण्याआधी दहा-बारा बसवून, बाटली उलटी करून बघा.

खालची मापं ३० मिमी व्यासाच्या झाकणाची आहेत. तुमचं झाकण वेगळं असेल तर पन्हाळीची आतली रुंदी झाकणाच्या व्यासापेक्षा १ मिमी जास्त ठेवा, आणि आतली मोकळी उंची झाकणाच्या उंचीपेक्षा १ मिमी जास्त. २ मिमीच्या वर मोकळीक दिली की झाकणं एकमेकांवर चढतात.

पन्हाळी

कूलरची बॉडी वाकवून देणारा पत्रेवाला तालुक्याच्या गावी असतोच. त्याच्याकडून १८ गेजच्या स्टेनलेस पत्र्याची ६०० मिमी लांब पन्हाळी वाकवून घ्या. आतली रुंदी ३१ मिमी, बाजूच्या भिंती २५ मिमी. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर झाकणाच्या खालच्या सील रिंगला चरे पडतात. एवढ्या लांबीत २० झाकणं मावतात.

तळ सलग ठेवा. धूळ पडून जावी म्हणून तळाला फट ठेवावीशी वाटते, पण पन्हाळीखालून उघड्या तोंडाच्या बाटल्या जातात आणि ती धूळ थेट त्यांच्यात पडेल.

आता खालचं टोक. फक्त तळाचा पत्रा टोकापासून २२ मिमी कापून मागे घ्या, बाजूच्या भिंती तशाच राहू द्या. शेवटचं झाकण मग मागच्या ८ मिमीवर टेकेल आणि बाकीचं अधांतरी राहील, म्हणजे बाटलीच्या मानेला आत शिरायला वाट मिळते. झाकण पुढे झुकून पडू नये म्हणून पन्हाळीवर लांबीभर २० मिमी रुंदीची पट्टी बसवा आणि ती शेवटच्या झाकणाच्या मध्यापर्यंत आणा. पट्टी पुढे काढली तर झाकण सुटत नाही, मागे राहिली तर झाकण अवेळी पडतं.

टोकाच्या दोन्ही भिंतींना बाहेरून एकेक स्प्रिंगची जीभ लावा. कापसाच्या गाठींना बांधायची लोखंडी पट्टी यासाठी चांगली, कापसातली सरकी काढणाऱ्या कोणत्याही जिनिंगच्या आसपास तिचे तुकडे मिळतात. गंज कागदाने घासून काढा, १० मिमी रुंद आणि ६० मिमी लांब तुकडे करा, टोकं आतल्या बाजूला गोलसर वळवा. दोन टोकांमध्ये २६ मिमी अंतर हवं. वीस झाकणांचा भार अगदी कमी असतो, तेव्हा जीभ हलकीच ठेवा. बोटाने झाकण पुढे ढकललं तर ते सहज सुटायला हवं, नुसत्या घसरण्याने सुटता कामा नये.

बैठक आणि चौकट

९०० × २०० मिमीचा, १८ मिमी जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. त्यावर बाटली सरकायला सागवानाच्या दोन पट्ट्या ८० मिमी उंच उभ्या ठोका. दोन्हींतलं अंतर बाटलीच्या व्यासापेक्षा २ मिमी जास्त. बाटली डावी-उजवी हलली की मान झाकणाला चुकते, म्हणून इथे ढिलाई नको.

पन्हाळी टांगायला बाटलीच्या वाटेवर दोन चौकटी उभ्या करा, एक ठेंगणी आणि एक उंच. चौकटीच्या खांबांना उभ्या खाचा पाडून पन्हाळी ८ मिमीच्या बोल्टने आणि विंग नटने (हाताने फिरवायच्या पंखाच्या नटने) आवळा. हे खर्चिक वाटलं तरी टाळू नका, कारण पुढचं सगळं काम उंची थोडी वर-खाली करण्याचंच आहे.

उतार २५ ते ३० अंश. कोनमापक नसेल तर ६०० मिमी लांबीला वरचं टोक खालच्यापेक्षा २५० ते ३०० मिमी उंच ठेवा. त्याहून कमी उतारावर दमट हवेत झाकणं अडतात. जास्त उतारावर ती वेगाने येऊन जिभेतून निसटतात.

उंची लावणं

इथे घाई करू नका. बाटली पाण्याने भरून घ्या. रिकामी बाटली हलकी असते, झाकण ओढण्याऐवजी स्वतःच मागे कलंडते. ती पन्हाळीच्या टोकाखाली आणा. अडकलेल्या झाकणाची पुढची खालची कड बाटलीच्या तोंडापेक्षा ४ ते ५ मिमी खाली हवी. तेव्हा मागचा कापलेला तळ तोंडापासून निदान ३ मिमी वर राहतो आणि मान अडकत नाही. नट आवळा आणि बाटली एका दमात, न थांबता पुढे ढकला.

झाकण जागचं हललंच नाही आणि बाटली खालून निघून गेली, तर पन्हाळी उंच आहे. एकेक मिमी खाली आणा. बाटली तळाच्या पत्र्याला ठोकली किंवा झाकणाची सील रिंग तुटली तर पन्हाळी फार खाली गेली आहे. झाकण निघालं पण तिरपं बसलं, तर पन्हाळीच्या पुढे २५ मिमीवर जाड प्लास्टिकची, ३० मिमी रुंद आणि ८० मिमी लांब लवचिक पट्टी बाटलीच्या वाटेकडे उतरती लावा. तिचं मोकळं टोक नीट बसलेल्या झाकणाच्या माथ्यापेक्षा ३ मिमी खाली ठेवा. बाटली जाताना ती झाकण हलकेच दाबून सपाट करते. एका वेळी दोन झाकणं निघत असतील तर जिभा सैल आहेत.

काही बाटल्यांवर नीट आणि काहींवर नाही, असं होत असेल तर बाटल्या तपासा. तळाशी चेपलेली किंवा उन्हात राहून बसकी झालेली बाटली १-२ मिमी ठेंगणी होते, आणि एवढा फरक पुरे आहे.

पिळणं

लाकडी मुठीच्या बुडाला ३६ मिमीचं, १५ मिमी खोल भोक पाडा आणि आतून सायकलच्या ट्यूबचे दोन-तीन थर चिकटवा. झाकण त्यात घट्ट बसायला हवं. मूठ ठेवून आधी पाव फेरा उलटा फिरवा. आटा जागेवर पडल्याचा हलका 'टक्' हाताला कळतो. मगच सुलटं पिळा. आटे आडवे चढण्याचं बहुतेक प्रकरण एवढ्यानेच मिटतं.

किती पिळायचं? पिळण्याचा जोर इंच-पाउंड या एककात मोजायचा तर झाकणाच्या मिमी मापाच्या साधारण निम्मा. २८ मिमीला १४ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.६ न्यूटन-मीटर. हे घरी मोजता येतं. मुठीला आडवी दांडी लावा, मध्यापासून बरोबर १०० मिमीवर खूण करा, तिथे वजनाचा स्प्रिंगचा काटा अडकवून दांडीशी काटकोनात ओढा. २८ मिमीला १.६ किलो, ३८ मिमीला २.२ किलोच्या आसपास. पिळणाऱ्या प्रत्येकीने सुरुवातीला पाच-सहा बाटल्या काट्यावर करून हात बसवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी झाकण काढायला त्यापेक्षा बराच कमी जोर लागतो. ते स्वाभाविक आहे, त्यावरून झाकण सैल ठरवू नका. खरी परीक्षा म्हणजे बाटली कागदावर रात्रभर आडवी ठेवणं.

विदर्भातला उन्हाळा आणि झाकण

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून वर. तेल २० अंशांनी तापलं तर लिटरमागे सुमारे १४ मिलीने फुगतं. म्हणून लिटरच्या बाटलीत २५ ते ३० मिली जागा रिकामी सोडा, नाहीतर झाकण कितीही पिळलं तरी तेल पाझरेल. भरण्याचं काम सकाळी करा आणि कूलरचा झोत बाटल्यांच्या दिशेने ठेवू नका, धूळ तिथूनच येते.

सरबत ८० अंशांच्या पुढे गरम भरायचं असेल तर काचेची बाटली घ्या. साधी 'पेट' प्लास्टिकची बाटली ७० अंशांच्या आसपासच मऊ पडून आकसते आणि झाकण बसवायला मानच सरळ राहत नाही. दशपर्णी अर्क किंवा जीवामृत आंबत असताना मात्र झाकण घट्ट पिळू नका. वायू साचून बाटली फुटते. अर्क पूर्ण शांत झाल्यावरच पॅक करा, आणि त्या बाटल्यांसाठी वापरलेली पन्हाळी सरबतासाठी वापरू नका, वेगळी बांधा.

रोज काम संपल्यावर पन्हाळी काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा. झाकणं अडतात म्हणून तिला तेल किंवा ग्रीस लावू नका. धूळ चिकटून ती आणखी अडतात. कोरड्या पन्हाळीतही अडत असतील तर उतार दोन अंशांनी वाढवा.