साताऱ्याहून पंढरपूर, अख्खं घर सायकलवर: तयारी कशी करायची

घरातल्या सगळ्यांनी मिळून, एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे उभे करायला लांब सायकल मारायची असं ठरलं की लोक आधी विचारतात, "सायकल कुठली घेऊ?" घरात आहे ती घ्या. आधी हे ठरवा की घरात सगळ्यात हळू कोण चालवतं. आमच्याकडे तो मान धाकट्याचा, वय दहा. त्याच्या मागोमाग नाना, म्हणजे माझे सासरे, वय अडुसष्ट. वेग, मुक्काम, सुटायची वेळ, सगळं या दोघांवरून ठरतं. नवऱ्याला ताशी पंचवीसने जाता येतं, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. असलाच तर तोटा आहे, कारण त्याला मागे वळून बघायची सवय लावावी लागते.

आमचा रस्ता सरळ आहे. सातारा, माहुली, कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर. सगळं मिळून १४० किलोमीटरच्या आसपास. गोंदवले साधारण निम्म्यावर येतं, म्हणून पहिला मुक्काम तिथे. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि पंढरपूर साडेचारशेच्या जवळपास, त्यामुळे कागदावर हा रस्ता उताराचा दिसतो. कागदावर वारा दिसत नाही. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून येतो आणि आपण जातो पूर्वेलाच. दहिवडीच्या पुढे आडोशाला झाड नाही. दुपारी अकरानंतर तोंडावर वारा घेत सपाटीवर चालवणं मला घाटापेक्षा जड जातं.

तारीख काढताना पंचांग उघडा. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते आणि गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी. तिन्ही आपल्याच रस्त्यावर. पंढरपुरात कार्तिकी आणि माघी एकादशीच्या आगेमागे पाय ठेवायला जागा नसते. राहिला पौष. लोक पौषात लग्न काढत नाहीत, तर तो सायकलला घ्यावा. ऊन सोसवतं आणि रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो. एक गोष्ट मात्र पौषातही सुटत नाही, ती म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. कारखाने चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला, आणि मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय सुटायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. यात सवलत नाही.

सायकल आणि बसणं

आहे ती सायकल मेकॅनिककडे न्या आणि चार गोष्टी बघायला सांगा: ब्रेकचे रबर, चेन, चाकाचा आऊट (म्हणजे चाक डुगडुगत फिरतं का) आणि टायरच्या भेगा. सीटची उंची मात्र घरी आपणच लावायची. भिंतीला धरून सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग पाऊल नेहमीसारखं, चवड्यावर ठेवलं की गुडघा थोडा वाकलेला राहतो. ही उंची बरोबर. साताऱ्यात रविवारी सकाळी रस्त्यावर बघा, निम्मे लोक सीट खाली ठेवून गुडघे छातीशी आणत चालवतात आणि संध्याकाळी बाम चोळतात.

जेलचं मऊ कव्हर घेऊ नका. पहिल्या तासाला ते बरं वाटतं, नंतर जास्तच टोचतं. पॅड असलेली सायकलची चड्डी घ्या, ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. वरून ट्रॅक पँट किंवा सलवार चालते. बायकांनी यात संकोच करू नये. पन्नास किलोमीटरला पाय नव्हे, बसायची जागा आधी बोलते. सुरुवातीचे काही आठवडे दुखतं, मग सवय होते.

माणदेशात सगळ्यात मोठा शत्रू बाभळीचा काटा. रस्ता सोडून सायकल झाडाखाली नेली की पंक्चर ठरलेलं. थांबायचं ते डांबराच्या किंवा सिमेंटच्या जागेवर, आणि निघताना टायरवरून नजर फिरवायची. काटा दिसला तर लगेच काढायचा. तो चाकाच्या एका फेरीत आत जात नाही, हळूहळू जातो. प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप हवाच. कुणाच्या ट्यूबला बारीक विलायती व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, कारण गावातल्या हवेच्या नळीला तो बसत नाही. आणि पंक्चर काढायला घरातल्या सगळ्यांना यायला हवं. आमची थोरली नववीत आहे, घरात सगळ्यात लवकर चाक तीच काढते.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवार सकाळी पाऊण तास, रविवारी लांब. रविवारचं अंतर असं वाढवायचं: १२ किलोमीटर, १६, २०, मग चौथ्या आठवड्यात १४. नंतर २५, ३०, ३५, आणि पुन्हा उतरून २०. मग ४२, ५०. अकराव्या आठवड्यात शनिवारी ३५ आणि लगेच रविवारी ४०. बाराव्यात नुसतं हिंडायचं. चौथ्या आणि आठव्या आठवड्यातली उतरण गाळायचा मोह होतो, विशेषतः नवऱ्यांना. गाळू नका, अंगाला ताकद धरायला तेवढी उसंत लागते. सत्तर किलोमीटर आधी एकदा तरी मारून बघावेत असं वाटेल, पण गरज नाही. त्यापेक्षा लागोपाठचे दोन दिवस महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसणं हाच खरा सराव.

हे अंतर मोठ्यांचं. धाकट्याला यातलं निम्मं, आणि कंटाळला की थांबवायचं. नानांनी आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घेतलं, मगच सायकल बाहेर काढली. प्रत्यक्ष फेरीतही पूर्ण रस्ता या दोघांनी मारायचा नाही. मागे छोटा हत्ती टेम्पो ठेवायचा आणि बदली करायची: नाना कोरेगावपर्यंत, धाकटा पुसेगावनंतर, असं. देणगीदारांना हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे कुणी किलोमीटर मोजत बसत नाही.

वेग किती? बोलता येईल इतका. आमच्याकडे त्याची परीक्षा एकोणतीसचा पाढा आहे. चालवता चालवता तो न थांबता म्हणता आला तर वेग बरोबर. दोन ओळींत धाप लागली तर गिअर हलका करा. पाठच नसेल तर तो प्रश्न वेगळा. पेडल मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरेल असा हलका गिअर ठेवावा, जड गिअर रेटण्यात गुडघे जातात.

साताऱ्यात सरावाला रस्ते भरपूर आहेत. सुरुवात संगम माहुलीपर्यंत करा. कृष्णा-वेण्णेच्या काठी पाच मिनिटं बसून परत. मग तोच रस्ता कोरेगावपर्यंत लांबवा, पुढे फेरीलाही तोच आहे. वाढे फाट्यावरून वडूथ आणि पुढे वाठार स्टेशनच्या बाजूला जाणारा रस्ताही चांगला. हायवेवर मुलांना नेऊ नका, लिंबची बारामोटेची विहीर बघायचा कितीही आग्रह झाला तरी.

चढासाठी यवतेश्वरचा घाट. समर्थ मंदिरापासून वर चारेक किलोमीटर अंगावर येणारा चढ आहे, वर्धनगडाचा घाट त्यापुढे सोपा वाटतो. चढताना उतरून सायकल ढकलली तरी चालेल, आमच्यात त्याला कुणी हसत नाही. यवतेश्वरला मी नेते ते खरं म्हणजे उतार शिकवायला. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, पण दाबून धरून नव्हे. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत धरले की रिम तापते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि आतला पेडल वर ठेवायचा, नाहीतर तो रस्त्याला टेकतो. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्यापासून सप्टेंबर-ऑक्टोबरात सुट्टीच्या दिवशी या घाटात गाड्यांची रांग असते. त्या दिवसांत शनिवार-रविवार यवतेश्वर विसरा.

खाणं

भूक लागायच्या आत खायचं, तहान लागायच्या आत प्यायचं. दर पाऊण तासाला काहीतरी: केळं, गूळ-शेंगदाणे, दशमीचा तुकडा, चिक्की. कंदी पेढाही चालतो, साताऱ्याचं नाव राखायला. मिसळ मुक्कामाला पोचल्यावर. तर्री खाऊन घाट चढायचा प्रकार करू नये. घाम फार गेला तर घरीच पाणी करा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वर लिंबू पिळलं तर मुलं कुरकुर न करता पितात. सरावात जे खाल्लं तेच फेरीत खायचं, नवा प्रयोग त्या दिवशी नको.

रस्त्यावरची शिस्त

एकामागे एक, कधीही दोन-दोन जोडीने नाही. सगळ्यात हळू चालवणारा पुढे, मधे बाकीचे, सगळ्यात दणकट शेवटी. पुढचा ओरडतो "खड्डा!", शेवटचा ओरडतो "गाडी!", आणि मधल्यांनी तोच शब्द पुढे किंवा मागे पोचवायचा. "थांबा" म्हटल्याशिवाय कुणी ब्रेक मारायचा नाही. हे सरावातच अंगवळणी पडायला हवं, कारण घरात एकमेकांचं ऐकायची सवय असतेच असं नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं. ते मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर नसल्यात जमा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

पैसे

मी पतसंस्थेत काम करते, त्यामुळे इथे जरा कडक आहे. देणगीचा एक रुपयाही आपल्या खात्यात घ्यायचा नाही. ज्या संस्थेसाठी फेरी आहे तिचं खातं, तिचा क्यूआर कोड आणि तिचीच पावती. आम्ही माण तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी चालवतो. शाळा लांब, म्हणून त्यांना सायकली हव्यात. संस्था निवडताना नोंदणीचा दाखला आणि मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला हिशोब बघायला मागा. मागायला लाजू नका, चांगली संस्था आनंदाने दाखवते.

लोक ८०जीबद्दल, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीबद्दल, विचारतात. संस्थेकडे ती मान्यता असेल तर देणगीदाराचा पॅन लागतो, कारण संस्था प्रमाणपत्र त्यावरच देते. २००० रुपयांच्या वर रोख दिले तर वजावट मिळत नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०जीची वजावट नाहीच. हे देण्याआधी सांगा. मार्चमध्ये कळलं तर काका-मामा फोन करतात.

फेरीचा खर्च, म्हणजे टेम्पो, डिझेल, मुक्काम, ट्यूबा, पूर्ण आपल्या खिशातून. देणगीतून एक चहासुद्धा नको. मागताना आकडा आणि वस्तू दोन्ही सांगा: "एका मुलीची सायकल, कुलूप आणि पंप मिळून एवढे रुपये, तुम्हाला जमेल तेवढं द्या." नुसतं "मदत करा" म्हटलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात. व्हॉट्सॲपवर एकदा निरोप, मध्यावर एकदा सरावाचा फोटो, शेवटी एकदा हिशोब. त्याहून जास्त नको, नाहीतर नातेवाईक ग्रुप म्यूट करतात. किलोमीटरमागे अमुक रुपये अशी बोली मुलांना फार आवडते. थोरलीने सोसायटीत घरोघर जाऊन वही भरवली, आणि तिला नाही म्हणणं मोठ्यांना जमलं नाही. मी गेले असते तर निम्मे पैसे आले असते.

ते दोन दिवस

सातला सुटा. कोरेगावात नाश्ता, घाट ऊन चढायच्या आत, पुसेगावात मोठी विश्रांती. दुपारी बारा ते तीन सावलीत. गोंदवल्याला मुक्कामाची चौकशी आधीच करून ठेवा आणि सायकली रात्री आत घ्या. दहिवडीच्या परिसरात मुलांना सांगावं की ललिता बाबर इथल्याच मोहीची, याच माळांवर धावून २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत गेली. धाकट्याने हे ऐकून पुढचे काही किलोमीटर न सांगता मारले, मग मात्र पाढे सुरू केले, मुद्दाम चुकीचे.

दुसऱ्या दिवशी वारा उठायच्या आत म्हसवड मागे टाका. पिलीवच्या पुढे सगळे चिडचिडे होतात. तेव्हा अंतर सांगू नका, फक्त पुढचा चहा कुठे ते सांगा. पंढरपुरात सायकली गर्दीत घेऊन शिरू नका, टेम्पोपाशी उभ्या करून पायी जा.

परतीचा टेम्पो जातानाच पक्का करा आणि भाडं दोन्ही बाजूंचं ठरवा. पुढची चाकं काढून, दोन सायकलींच्या मधे जुनी गोधडी किंवा पुठ्ठा घालून बांधायच्या, चेनची बाजू वर. बांधायला सुंभ नको, त्याने रंग जातो. ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवा. माणसांसाठी एसटी आहे, खिडकीची जागा नानांना.