आवळलेली पकड सोडा, हात आपोआप फिरतील

गोल्फमध्ये चेंडू सारखा उजवीकडे वळतोय? (उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय, डावखुऱ्यांनी उलट समजावं.) मी अशा वेळी स्विंग (काठी फिरवून फटका मारण्याची पद्धत) नंतर बघतो, आधी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात चाचपतो. तोच लाकडासारखा ताठ असेल तर फिरणार कसा, आणि क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा सपाट भाग) वेळेत सरळ येणार कसा?

पकडीत १० पैकी ४ इतकाच जोर पुरे, तोही मुख्यतः डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. खरी गोची काठी खाली येताना होते. तिथे पकड नकळत आवळते. जोर शेवटपर्यंत सारखाच हवा.

आता सात नंबरचं आयर्न (गोल्फच्या काठ्यांचा एक प्रकार) घेऊन कमरेइतकाच अर्धा स्विंग करा. मागे नेताना कमरेच्या उंचीवर क्लबहेडचं (काठीच्या खालच्या डोक्याचं) टोक आकाशाकडे, फटक्यानंतर त्याच उंचीवर पुन्हा आकाशाकडे. मनगटं मुद्दाम मुरगाळू मात्र नका, चेंडू डावीकडे पळेल.