महापुरानंतर मुलांची शाळा सुरू करताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१मध्ये त्याच काठाने पुन्हा महापूर पाहिला, तिकडे चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. दर खेपेला पाणी उतरतं, बाजार भरतो, एसटी सुरू होते. शाळेची घंटा मात्र सगळ्यांत शेवटी वाजते. ‘आधी हे होऊ दे, मग शाळा बघू’ असं म्हणण्यातच आठवडे जातात.

‘आधी छावणी हलू दे’

गावात पक्की आणि उंचावरची इमारत बहुधा शाळेचीच, त्यामुळे वर्गांत पूरग्रस्तांचे संसार मांडलेले असतात. त्यांना उठवू नका आणि थांबूनही राहू नका. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय, मिळेल तिथे रोज ठरल्या वेळी दोन तास मुलं बसवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार शिक्षकांना आपत्ती निवारणाची ड्यूटी लावता येते. म्हणून याद्या निघण्याआधीच मुख्याध्यापकांनी तहसीलदारांशी बोलून एक-दोन शिक्षक मुलांसाठी मागून घ्यावेत.

‘आधी दाखला आणा’

सगळ्यांत जास्त मुलं इथे अडकतात. घर पडलं म्हणून आई मुलांना घेऊन माहेरी जाते आणि तिथली शाळा दाखला, जन्माची नोंद, आधार मागते. कागद तर चिखलात गेलेले! आठवीपर्यंत कायदा स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४) आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवताही येत नाही (कलम ५). आधी मूल वर्गात बसवा, मग जुन्या शाळेला पत्र पाठवा. शाळा ऐकत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नववी-दहावीला या कलमांचा आधार नाही, तेव्हा सरळ माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना गाठा.

जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या नोंदींचं मूळ पुस्तक) भिजलं असेल तर ते कडक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन फाटतात. चिखल फडक्याने घासू नका, शाई त्याच्याबरोबर जाते. सावलीत, पंख्याखाली ठेवा, पानांमध्ये कोरे कागद घालून ते बदलत राहा. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. जेवढं वाचता येतंय तेवढ्याचे मोबाईलवर फोटो लगेच काढून ठेवा.

न विचारता पाठवलेली मदत

टेम्पोभर दोनशे पानी वह्या येतात आणि पहिलीच्या पोरांना हवी असते दुरेघी नि चौकटीची वही. आधी मुख्याध्यापकांकडून इयत्ता आणि माध्यमानुसार यादी घ्या. मिरजेकडे उर्दू माध्यमाची मुलंही आहेत. पुस्तकं येईपर्यंत बालभारतीच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफ चालतात. आणि दप्तर देताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणं बंद करा, ओशाळवाणं दिसतं ते.

पहिल्याच दिवशी ‘महापूर: माझा अनुभव’

हा निबंध घालू नका. मूल आपणहून बोललं तर ऐका. सुरुवातीला गाणी, गोष्टी, पाढे, खेळ पुरेत, बुडालेला अभ्यासक्रम नंतर गाठता येतो. महिना उलटूनही एखादं मूल पावसाच्या आवाजाने दचकत असेल, झोपत-जेवत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

‘मुलं आमच्याकडे द्या’

१९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे खरं. पण ते संस्थेचं, वर्षानुवर्षांचं काम होतं. कोणी अनोळखी माणूस गाडी घेऊन येऊन ‘शिकवतो’ म्हणत असेल तर मूल देऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा; अशा मुलाचं काय करायचं ते बालकल्याण समिती ठरवते.

गैरहजेरी मांडून मोकळं होणं

शाळा भरू लागली की आठवी-नववीच्या मुली हळूच गळतात. घरातला गाळ उपसायचा, धाकट्याला सांभाळायचं, हे त्यांच्याच वाट्याला येतं. सलग आठवडा मुलगी दिसली नाही तर बाईंनी घरी जावं आणि धाकट्याला अंगणवाडीत बसवायची सोय होते का, ते तिथल्या तिथे बोलून घ्यावं.