आठवड्याने येणारं नळाचं पाणी शेवटच्या दिवसापर्यंत पिण्याजोगं कसं ठेवावं

मराठवाड्यातल्या आणि नाशिकच्या पूर्वेकडच्या कितीतरी छोट्या शहरांत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. मनमाडकरांनी तर त्याहून लांबलेले दिवस पाहिलेत. पण पाण्याबद्दलचा बहुतेक सल्ला रोज पाणी येणाऱ्यांसाठी असतो: फिल्टर बसवा, उकळा, झालं. आपण पाणी साठवतो. पहिल्या दिवशी चांगलं असलेलं पाणी सहाव्या दिवशीही चांगलं असेल, हे धरून चालता येत नाही. म्हणून जंतू मारायला क्लोरीनची पावडर कधी टाकली यापेक्षा आज पाण्यात तो क्लोरीन किती उरलाय, हे बघायला शिका.

पाणी भरताना

नळ आला की सुरुवातीचं गढूळ पाणी फरशीला, झाडांना जाऊ द्या. नळाला थेट मोटर लावू नका. दिवसेंदिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपाला मोटरची ओढ लागली की जोडांतून, भेगांतून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आपल्याकडे ही लाइन कित्येक ठिकाणी गटाराला लागून, नाहीतर गटारातूनच गेलेली असते. मोटर एका घराची असते, पण घाण सगळ्या गल्लीच्या हंड्यांत जाते. पाणी आपल्या जोराने हौदात पडू द्या आणि मोटर हौदातून वर टाकीत चढवण्यापुरतीच वापरा.

हौद धुणं तुम्हाला माहीत आहे. फक्त तीन गोष्टी पाळाच. मोटरचं बटण बंद करून प्लगही काढा. झाकण बराच वेळ उघडं ठेवल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय जमिनीखालच्या हौदात कुणीही उतरू नये. आतला कुणी कोसळलाच तर वरच्याने मागोमाग उडी न टाकता मदत बोलवावी. आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड हौदाजवळ आणू नका. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत तो जीव घेतो.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं आणि जंतूंना गाळाचा आडोसा मिळतो.

पावडर टाकणं

मला जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हाच टप्पा. कुणी सांगतं मूठभर टाका, कुणी सांगतं चमचाभर. मूठ कुणाची आणि हौद केवढा, हे कुणी विचारत नाही. मापाशिवाय टाकायची असेल तर टाकूच नका. कमी पडली तर पाणी शुद्ध झाल्याचा खोटा भरवसा मिळतो. जास्त झाली तर उग्र वासापायी घरातली मुलं ते पाणी सोडून कुठलंही पाणी पितात.

आधी हौदातलं पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि हौद भरल्यावरची पाण्याची उंची फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. आलेला आकडा साधारण लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे सुरुवातीचं माप. ती छोट्या डिजिटल काट्यावर तोला.

पावडर कुठली, हे मापाइतकंच महत्त्वाचं. गटारावर मारायला पोत्यातून सुटी विकतात ती घेऊ नका. चांगल्या ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण दमट हवा, उजेड आणि उष्णता लागली की तो उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. गुठळ्या झालेली किंवा नाकाला न झोंबणारी पावडर टाकून द्या. सीलबंद, अलीकडच्या तारखेचं पाकीट आणा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. पत्र्याचा डबा नको, तो गंजतो.

पावडर कोरडी भुरभुरवू नका. प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग वर पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसेल. वरचं निवळलेलं पाणी तेवढं हौदात ओता. हौद पाऊण भरल्यावर ओतलंत तर पडणाऱ्या धारेने ते आपोआप मिसळतं. त्यानंतर अर्धा तास त्या पाण्याला हात लावायचा नाही. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतोच.

आता ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून बघणं. आरोग्य कर्मचारी वापरतात तीच ही बाटली. नळीत खुणेपर्यंत पाणी, सांगितलेले थेंब, आणि पिवळा रंग तक्त्याशी लगेच ताडून बघायचा. रेंगाळलात तर रंग गडद होत जातो आणि वाचन चुकतं. पाणी हौदातलं न घेता स्वयंपाकघरातल्या नळाचं घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. पहिल्या दिवशी ०.५ च्या आसपास आला की माप बसलं. रंगच आला नाही तर निम्मं माप पुन्हा, पुन्हा अर्धा तास, पुन्हा टेस्ट. रंग गडद आला तर झाकणाची फट ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. टेस्टचं पाणी मोरीत ओता, ते पोटात जाता कामा नये.

बहुतेक घरं इथेच थांबतात. क्लोरीन रोज थोडा थोडा संपतो, आणि गच्चीवरच्या तापलेल्या टाकीत हौदापेक्षा लवकर. म्हणून दर दोन दिवसांनी टेस्ट करा आणि रंग फिका पडला की उरलेल्या पाण्याच्या हिशेबाने पावडर द्या. उरलेल्या, पहिल्या दिवशीच्या नव्हे.

पिण्यापुरतं

तोटीचा माठ, नाहीतर ओगराळं. पेला बुडवायचा नाही.

गल्लीत कावीळ किंवा जुलाब सुरू असतील तर क्लोरीन असूनही पिण्याचं पाणी खळखळून उकळा. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. घरात गरोदर बाई असेल तर साथीची वाट न बघता रोज उकळा.

बोअरचं पाणी पीत असाल तर यातलं काहीच पुरेसं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते ना क्लोरीनने जातं ना उकळून. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. आरओ घ्यायचा की नाही, हे तो अहवाल बघून ठरवा, विक्रेत्याच्या टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) कांडीवरून नाही. आरओ क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस भरून ठेवू नका.

नळ येतो त्या दिवशी येणाऱ्या धारेचीही ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आलाच नाही तर तारीख, वेळ आणि गल्ली लिहून नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजारच्या दोन घरांनाही टेस्ट करायला लावा, म्हणजे लाइन कुठे फुटली आहे ते शोधायला कर्मचाऱ्यांना सोपं जातं.