कुत्र्याची जुनी भीती: सराव कसा करावा

लहानपणी कुत्रा चावला. अजूनही भुंकणं ऐकलं की माझे तळहात घामेजतात. अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात बसलेली ही आठवण, कुत्र्यासमोर थोडं थोडं जाण्याच्या सरावाने पुसली जात नाही. ‘इथे धोका नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते आणि कपाळामागचा मेंदू तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. पण ही नवी आठवण जागेला चिकटून राहते, म्हणून एकाच अंगणात सराव करू नका. बांधून ठेवलेल्या कुत्र्यापासून मी लांब उभी राहिले, मग जागा, वेळ, कुत्रा बदलत गेले. लगेच पळू नका. मेंदू श्रेय पळण्यालाच देतो. खंड पडला की भीती परत डोकावते. डोकावू दे, पुन्हा सुरू करा.

मग जुनी आठवणच कमजोर करता येते का? जागी झालेली आठवण पुन्हा साठवायला मेंदूला नवी प्रथिनं लागतात. मेंदूशास्त्रज्ञ नादेर आणि लेडू यांनी २००० मध्ये उंदरांमध्ये भीतीची आठवण जागी करून लगेच अमिग्डालातली प्रथिननिर्मिती रोखली, तेव्हा त्यांची भीती ओसरली. घरी करण्यासारखं हे नव्हे, अर्थात!